कर्ज काढण्याआधी अब्बांची वही वाचली

गेल्या बकरी ईदला पिंपळगाव राजाला गेलो होतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. काचेचं दार, आत एसी, पांढऱ्या उजेडात रॅकच्या रांगा आणि वर 'मार्ट' अशी चमकती पाटी. मुख्य रस्त्यावर एक गाळा भाड्याने मिळत होता, महिना १२,००० रुपये. फर्निचर, फ्रिज, कॉम्प्युटर आणि वाढीव माल धरून एकूण खर्च १२ लाख. आठ लाख बँकेचं कर्ज, चार लाख मी द्यायचे. त्याने सगळं ठरवूनच ठेवलं होतं.

अब्बा बाजूला बसून ऐकत होते. भावाचं सांगून झालं तेव्हा एवढंच म्हणाले, "सूद का पैसा दुकान में नको." आणि जुहरच्या नमाजला निघून गेले.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. शेगावला इंजिनीअरिंग केलं, त्या चार वर्षांची फी, मेस, पुस्तकं, सगळं याच किराणा दुकानाच्या गल्ल्यातून आलं. त्यामुळे भावाला नाही म्हणायला तोंड नव्हतं. हो म्हणायला मन धजत नव्हतं. मी रजा चार दिवसांनी वाढवली. त्या चार दिवसांत जे बघितलं आणि जो हिशेब केला, तो इथे मांडतोय, कारण असं 'मार्ट'चं चित्र आज आपल्यातल्या अनेक तरुणांच्या मोबाइलमध्ये आहे. कुणाचं कापडाच्या शोरूमचं, कुणाचं मोबाइल शॉपीचं, कुणाचं कॅफेचं.

भावाच्या मोबाइलमध्ये त्या चित्राबरोबर आणखीही बरंच काही होतं. यशस्वी उद्योजकांची भाषणं. रिस्क घ्या, मोठा विचार करा, नोकरी म्हणजे गुलामी. आपल्याकडच्या करिअर मेळाव्यांतही आता असे वक्ते येतात, टाळ्या पडतात, सेल्फी निघतात. ते खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पण एकानेही आपली हिशेबाची वही मंचावर उघडल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्या कामात कुणी म्हणालं की सिस्टीम मस्त चालली आहे, तर आम्ही म्हणतो, लॉग दाखव. दुकानालाही तोच नियम लावायला काय हरकत आहे?

म्हणून मी भावासमोर अशा दुकानदाराचं नाव घेतलं, जो मुलाखती जवळजवळ देतच नाही. डी-मार्टचे राधाकिशन दमाणी. ते भाषण करत नाहीत, पण त्यांची कंपनी शेअर बाजारात आहे, त्यामुळे तिचा हिशेब दरवर्षी सगळ्यांसमोर येतो.

भाऊ हसला. "ज्याच्यामुळे गावातली किराणा दुकानं बसायला लागली, त्याच्याकडूनच शिकायचं?"

हो. त्याच्याकडूनच. पण आधी एक गोष्ट मान्य करून. दमाणींची कथा ही फाटक्या खिशातून उभं राहण्याची कथा नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर ते शेअर बाजारात आले आणि पहिलं डी-मार्ट उघडण्याआधीच तिथे त्यांनी प्रचंड पैसा कमावला होता. त्यांना कर्जाची गरज पडली नाही, यात त्यांच्या शहाणपणाइतकाच त्यांच्या आधीच्या कमाईचा वाटा आहे. आपल्याकडे तसा पैसा नाही. तरीही त्यांनी पैसा असूनसुद्धा काय केलं नाही, हे बघण्यासारखं आहे.

१९९९ च्या सुमारास त्यांनी नवी मुंबईत नेरुळला 'अपना बाजार'ची फ्रँचायझी घेतली. अपना बाजार म्हणजे मुंबईतल्या कामगारांच्या सहकारी चळवळीतून उभं राहिलेलं दुकान. म्हणजे शेअर बाजारातल्या या नामांकित माणसाने आधी दुसऱ्याच्या पाटीखाली धान्य, साबण आणि तेल विकून बघितलं. ती पद्धत त्यांना पटली नाही, पण काय पटत नाही हे तर कळलं. मग २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट. २०१० पर्यंत, म्हणजे आठ वर्षांत, दुकानं फक्त २५. मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, २९९ रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी ६०० च्या पुढे उघडला, तेव्हा अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळलं. तोवर पंधरा वर्षं होऊन गेली होती आणि दुकानं होती १३१. मार्च २०२५ ला ती ४१५ झाली.

आता याच काळातलं दुसरं नाव घेऊ. किशोर बियाणी यांचं बिग बझार डी-मार्टच्या एक वर्ष आधी, २००१ मध्ये सुरू झालं. बियाणींना गिऱ्हाईक कळत नव्हतं असं कुणीही म्हणू नये. मध्यमवर्गीय कुटुंब चकाचक, शांत दुकानात बिचकतं, त्याला बाजारासारखी गर्दी आणि गलका लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. २६ जानेवारी २००६ ला 'सबसे सस्ता दिन' म्हणून जी झुंबड उडाली, ती त्यांच्याच डोक्यातून आलेली. पण वाढ कर्जावर होती आणि जागा बहुतेक भाड्याच्या. २०१२ मध्ये कर्जाच्या ओझ्याने पँटालून्स हे आपलं पहिलं नाव बिर्ला समूहाला द्यावं लागलं. २०२० मध्ये लॉकडाउन आला, दुकानं बंद, हप्ते आणि भाडी मात्र चालूच. ऑगस्ट २०२० मध्ये २४,७१३ कोटींना रिलायन्सला सगळं विकायचं ठरलं, ॲमेझॉनने त्याला आव्हान दिलं, प्रकरण लवादात आणि कोर्टात अडकलं. दरम्यान अनेक जागांचे भाडेकरार रिलायन्सने आपल्या नावावर करून घेतले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने त्या दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. जुलै २०२२ मध्ये फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. माल होता, नाव होतं, गिऱ्हाईक होतं. जागा दुसऱ्याची होती.

डी-मार्टने बहुतेक ठिकाणी जागा विकत घेतली किंवा खूप लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. म्हणूनच ते सावकाश वाढलं. दुसरी गोष्ट, पुरवठादाराचे पैसे ते साधारण आठवडा-दहा दिवसांत देतात. या धंद्यात महिना-दीड महिना उधारी चालते, तिथे जो आठवड्यात पैसे देतो त्याला कंपन्या दर कमी लावतात. तोच फरक गिऱ्हाइकाला किमतीत मिळतो, म्हणून माल भराभर उठतो, साधारण महिनाभरात दुकानातला साठा पुन्हा रोकड होतो, आणि त्या रोकडीतून पुरवठादाराला परत वेळेवर पैसे. हे चाक आहे. आणि इतकं करून १०० रुपयांच्या विक्रीमागे शेवटी हाती राहतात जेमतेम ५ रुपये. देशातला सर्वांत यशस्वी किराणा दुकानदार शंभरामागे पाच रुपयांवर जगतो, हे भावाला खरंच वाटेना. मी त्याला आकडे दाखवले.

"ठीक आहे," तो म्हणाला, "मग आपलं चाक कुठं अडतं?"

हे शोधायला वही उघडावी लागणार होती.

इथे माझी एक जुनी फजिती सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मी अब्बांसाठी उधारीचं ॲप बनवलं होतं. सुंदर होतं. रंगीत तक्ते, गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज, सगळं. ते तीन आठवडे चाललं. काउंटरवर दहा माणसं उभी, हात गुळाने चिकट, त्यात कोण टाइप करणार? मला जे बनवता येत होतं ते मी बनवलं, त्यांना काय लागतं हे विचारलंच नाही. अब्बांनी मला वाईट वाटू नये म्हणून ते आणखी काही दिवस मोबाइलमध्ये ठेवलं, एवढंच.

तर वही. लाल कापडी पाठीची, सुतळीने बांधलेली, आणि आतला सगळा मजकूर उर्दूत. अब्बा उर्दू शाळेतले. मी मराठी माध्यमात शिकलो. उर्दू अक्षर अक्षर जोडून वाचतो, आणि अब्बांचं घाईतलं हस्ताक्षर तर मला अजिबात लागत नाही. भावाचीही तीच गत. ज्या दुकानावर आम्ही दोघं वाढलो, त्याचा हिशेब आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हता. अब्बांना उद्या काही झालं असतं तर ती वही रद्दी होती.

मग दोन रात्री आम्ही तिघं बसलो. अब्बा वाचत, भाऊ सांगितलेलं पडताळत, मी लॅपटॉपवर भरत. पाटील, शेख, इंगळे, खान, वानखडे, देशमुख. आमच्या गावाचा अर्धा इतिहास त्या वहीत आहे. मध्ये एका काळात मोबाइलवर मेसेज फिरत होते की अमक्यांच्या दुकानात जाऊ नका. ते महिनेही वहीत आहेत, आणि तीच आडनावं तेव्हाही आहेत. वजन चोख असलं की लोक येतात, अब्बांचं याबाबतचं तत्त्वज्ञान एवढंच.

प्रत्येक नावापाशी अब्बा थांबत. याच्या मुलीचं लग्न होतं. हा कापूस विकला की देतो, त्या साली बोंडअळी आली, राहून गेलं. एका नावापाशी ते जरा जास्त वेळ थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, हे खोड. त्या शेतकऱ्याने जीव दिला होता. त्याच्या बायकोकडे अब्बांनी कधी मागितलं नव्हतं आणि मागणार नव्हते. अशी आणखी काही नावं निघाली. त्या दोन रात्रींत अब्बांनी ४०,००० च्या आसपास रक्कम माफ केली. मी त्यावर काही बोललो नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

आता आकडे. उधारी एकूण २,८६,००० रुपये. त्यातले १,३०,००० वर्षाहून जुने, ज्यातले ते ४०,००० माफ झाले. मग तिसऱ्या दिवशी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवून आम्ही माल मोजला. ५,१०,००० चा निघाला. खुद्द भाऊ चक्रावला, कारण दुकान बघून तेवढं वाटत नाही. महिन्याची विक्री २,४०,००० च्या घरात, म्हणजे खरेदीच्या भावाने २,१०,००० चा माल महिन्याला जातो. तेव्हा आमच्याकडचा माल संपायला अडीच महिने लागतात. डी-मार्टला एक महिना. मागच्या रॅकवरून काय काय निघालं! प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या, रंग उडालेल्या शाळेच्या दप्तरांची थप्पी, तीन प्रकारचे फेसवॉश, कुठल्याशा कंपनीच्या स्कीममध्ये घेतलेले शॅम्पूचे खोके. सहा महिन्यांत एकदाही न हललेला माल ९०,००० चा. "सेल्समन म्हणाला बारा पेट्यांवर एक फ्री," भाऊ म्हणाला. त्या एका फुकट पेटीने बारा पेट्यांचे पैसे अडकवले होते.

आणि खामगावच्या ठोक व्यापाऱ्याचं देणं होतं १,६०,०००. तो ४५ दिवसांची उधारी देतो. भावाला ही मोठी सोय वाटायची. मी त्याला फोन करायला लावला. रोख घेतलं तर काय भाव? दोन टक्के कमी. महिन्याच्या २,१०,००० च्या खरेदीवर दोन टक्के म्हणजे ४,२०० रुपये. वर्षाचे पन्नास हजार. ज्याला आम्ही व्याज म्हणत नव्हतो आणि अब्बा ज्याला कधी सूद समजले नव्हते, ते पन्नास हजार रुपये दरवर्षी उधारीच्या मालाच्या वाढीव भावात जात होते.

आता भावाचं मार्ट या आकड्यांशेजारी ठेवा. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, १२ टक्के धरलं तर हप्ता १७,८०० च्या आसपास. भाडं १२,०००. मिळून जवळजवळ ३०,०००. आणि आज दुकान महिन्याला माल विकून कमावतं किती? २,४०,००० वजा २,१०,०००. तेच ३०,०००. एसीचं बिल, कामाला ठेवायच्या दोन पोरांचा पगार यात धरलेलाच नाही. म्हणजे नुसतं आज आहोत तिथं राहायला विक्री दुप्पट व्हायला हवी, तीही पहिल्या महिन्यापासून. आणि आजचं दुकान घराला लागून, स्वतःचं, बिनभाड्याचं. दमाणी ज्यासाठी पंधरा वर्षं सावकाश चालले ती गोष्ट आमच्या आजोबांनी आम्हाला आधीच देऊन ठेवली आहे, आणि ती सोडून आम्ही भाड्याच्या काचेमागे जायला निघालो होतो.

मला या सगळ्यातून जे म्हणायचंय ते हे: जे भांडवल भाऊ बँकेत शोधत होता, त्यातलं बरंचसं दुकानातच अडकलेलं होतं. रॅकवर आणि वहीत. माल अडीच महिन्यांवरून पावणेदोन महिन्यांवर आणला तरी दीड लाख मोकळे होतात. वर्षाच्या आतली उधारी १,५६,००० आहे, तीही येत गेली तर तीन लाख. बारा नाहीत. पण ठोक व्यापाऱ्याचं देणं फेडून रोख खरेदी सुरू करायला, चार चांगले रॅक आणि एक डीप फ्रीजर घ्यायला पुरेसे. आणि त्यावर व्याज नाही.

हे मी ज्या आवेशात सांगितलं, त्यावर भावाने एकच प्रश्न विचारला आणि मला गप्प केलं. "उधारी बंद केली तर लोक आपल्याकडे येतील कशाला?"

बरोबर होतं त्याचं. डी-मार्टच्या गिऱ्हाइकाला महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. आमच्या गिऱ्हाइकाला दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघालं की पैसे दिसतात, मग कापसाचे, मग हरभऱ्याचे. मधले महिने तो "चाचा, सोयाबीन इकू द्या, मंग देतो ना बापा" म्हणतो, आणि खरंच देतो. खामगावच्या कुठल्याही चकाचक दुकानात त्याला हे ऐकून घेणारं कुणी नाही. उधारी हाच आमच्या दुकानाचा माल आहे. तो विकायचा बंद केला तर डी-मार्टपेक्षा महाग, लहान आणि एसी नसलेलं दुकान एवढीच आमची ओळख उरेल. मोठ्यांची नक्कल करताना हा धोका असतो. त्यांचं जे दिसतं ते उचललं जातं, आपलं जे चालतं ते सुटतं.

त्या रात्री अब्बांनी मध्ये तोंड घातलं. म्हणाले, तुम्ही दोघं इतकं शिकलात, सूरह बकरा वाचली नाही का? कुरआनातली सर्वांत लांब आयत, २८२ वी, उधारीच्या लिखापढीबद्दल आहे, हे मला ऐकून माहीत होतं. तर्जुमा काढून पुन्हा वाचली. डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला ती वाचताना वेगळीच मजा येते, कारण त्यात रकानेच सांगितले आहेत. ठरलेल्या मुदतीसाठी देणंघेणं करत असाल तर लिहा. लहान असो, मोठं असो, लिहायचा कंटाळा करू नका. मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणं आहे त्याने. साक्षीदार ठेवा. आणि जागच्या जागी होणारा रोखीचा व्यवहार लिहिला नाही तरी चालेल. त्याच्या दोन आयती आधी असंही आहे की देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि माफ केलं तर उत्तम. अब्बांनी खोडलेली नावं त्यातलीच.

आम्ही वही समोर धरून बघितलं. रक्कम होती, तारीख होती. मुदत नव्हती. आणि मजकूर गिऱ्हाइकाने सांगितलेला तर सोडाच, पाटलांना वाचताही येणार नाही अशा लिपीत होता. 'सोयाबीन निघाल्यावर' हे तोंडी होतं, लिहिलेलं कधीच नव्हतं. त्यामुळे सोयाबीन निघायचं, विकलं जायचं, पैसे खत-बियाणाच्या दुकानात आणि हप्त्यात जायचे, आणि आमची आठवण दुसऱ्या वर्षी व्हायची.

तर आता नवी वही आहे. ॲप नाही, वहीच. मराठीत. एका पानावर एक घर. दोन रकाने वाढवले: कधी देणार, आणि जास्तीत जास्त किती. गिऱ्हाईक स्वतः सांगतं आणि समोर सही करतं. काही लोकांना हे आवडलं नाही, दोन घरं रुसली. त्यातलं एक परत आलं. जो नुकसानीत गेला त्याला मुदत वाढवून मिळते, पण मुदत वाढवली हेही लिहिलं जातं.

इथे कुणी मला टोकेल की तू बँकांना सोडून दिलंस. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं होतं की काम करणाऱ्या मुसलमानांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारावर जगतात, हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्के. आणि बँकांच्या कर्जात आपला वाटा मात्र लोकसंख्येच्या मानाने कमी. हातगाडी, टपरी, गॅरेज, किराणा यांवर जी कौम सर्वांत जास्त अवलंबून, तिलाच पतपुरवठा कमी. हा अन्याय आहे आणि त्याबद्दल बोलत राहिलं पाहिजे. मला एवढंच म्हणायचंय की त्या लढाईचा निकाल लागेपर्यंत ९०,००० चे शॅम्पू आणि दप्तरं मागच्या रॅकवर पडून राहण्याचं कारण बँक नाही. आणि ज्या दिवशी बँकेच्या मॅनेजरसमोर बसू, त्या दिवशी तीन वर्षांचा स्वच्छ हिशेब आपल्या हातात असेल तर त्याला नाही म्हणायला जरा कठीण जाईल. सूद घ्यावा की नाही हा ज्याचा त्याचा आणि त्याच्या उलेमांचा प्रश्न. त्यात मी पडत नाही. पण घ्यायचाच झाला तरी किती लागतात हे आधी कळलेलं असावं. भावाला बारा लाख लागत नव्हते.

काही वाचक म्हणतील, आपल्यातलं उदाहरण नाही का? आहे. १९५५ मध्ये मलिक तेजानी यांनी मुंबईत कुलाब्याला चपला-बुटांचं एक दुकान सुरू केलं, मेट्रो. तेच कुटुंब तिसऱ्या पिढीपर्यंत ते चालवत आलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये मेट्रो ब्रँड्स शेअर बाजारात गेली. मधे सहासष्ट वर्षं. एवढी वर्षं एका मिनिटाच्या रीलमध्ये कशी बसवणार?

मेळावे घेणाऱ्या संघटनांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी वक्त्याऐवजी तालुक्यातला एक दुकानदार बोलवा, ज्याचं दुकान वीस वर्षं चालू आहे, आणि त्याला त्याची वही घेऊन यायला सांगा. आणखी एक दुकानदार बोलवा ज्याचं बंद पडलं. दोघांना दोन तास द्या. आमच्यासारख्या आयटीवाल्यांना मंचावर बसवू नका, मागे लॅपटॉप घेऊन बसवा, पोरांना मालाचे दिवस कसे मोजायचे ते शिकवायला. गॅरेजमध्ये, शिलाईच्या दुकानात आपल्याकडे अजून उस्तादाच्या हाताखाली शिकायची रीत आहे. दुकान टाकताना मात्र कुणी कुणाच्या काउंटरवर सहा महिने उभं राहत नाही, थेट पाटी रंगवायला देतो. दमाणी नेरुळला उभे राहिले होते.

आमचं काय ठरलं ते सांगतो. मी चार लाख दिले नाहीत. ठोक व्यापाऱ्याचे १,६०,००० फेडले, जुलैपासून खरेदी रोख. ती रक्कम भाऊ मला दर महिन्याला ४,००० प्रमाणे परत करतो; रोखीच्या सवलतीतून ती निघते. दप्तरं जून संपायच्या आत पडत्या भावात काढली. शॅम्पूचं अजून काही होत नाहीये. दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे आले की वही परत मोजायची, आणि मग दुकान मागच्या खोलीपर्यंत वाढवायचं का ते बघायचं. अब्बा खुश आहेत. भाऊ तितकासा नाही. त्याला वाटतं मी पुण्यात बसून त्याचं स्वप्न लहान केलं. एखाद वेळी मलाही तसं वाटतं. तो एकतीस वर्षांचा आहे, गावात राहिला म्हणून मी जाऊ शकलो, आणि त्याने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

दर शनिवारी रात्री तो मला वहीच्या पानांचे फोटो पाठवतो. परवा फोटोंच्या खाली एक ओळ होती: गाळा दुसऱ्याने घेतला, काचेचं काम सुरू झालंय. पुढे काही लिहिलं नव्हतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.